वल्हं कुणाच्या हातात

‘रोइंग हा काही आपला खेळ नाही,’ हे वाक्य फिलाडेल्फियातल्या आमच्या मराठी मंडळात इतक्यांदा कानावर पडतं की ते कोण म्हणालं हेसुद्धा आता लक्षात राहत नाही. गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत, मराठी शाळेच्या दारात, पार्किंगमध्ये गाडीला टेकून. टेनिस समजू शकतो, पोहणं समजू शकतो, पण भल्या पहाटे नदीवर जाऊन होड्या वल्हवायच्या हे काय खूळ! मग शेजारचं कुणीतरी समजूतदार आवाजात सांगतं, ‘अहो, अ‍ॅडमिशनला उपयोग होतो.’ की लगेच सगळ्यांचे चेहरे निवळतात. खुळाला कारण मिळालं की आपली तक्रार संपते.

माझी दोन्ही वाक्यांना हरकत आहे. पहिलं खोटं आहे आणि दुसरं त्याहून वाईट आहे.

मी वसईकडची. आगाशीच्या वाडीतली. वसई-विरार म्हटलं की आता लोकांना आठवते ती विरार लोकल, दाराला लोंबकळणारी माणसं आणि पूर्वेला उगवलेले टॉवर. २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली ठाणे जिल्हा सुटून पालघर जिल्हा आला, आणि गावांची नावं पत्त्यातल्या एका ओळीपुरती उरली. पण नकाशा उघडून पाहा. दक्षिणेला उल्हास नदीचं पाणी समुद्राला नेणारी वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. नायगाव आणि भाईंदरच्या मधोमध खाडीत पाणजू बेट, अर्नाळ्यासमोर समुद्रात अर्नाळा किल्ल्याचं बेट, दोन्हींवर नांदती गावं. पोर्तुगीजांच्या अमदानीत वसई-आगाशीला जहाजं बांधली जायची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याचं कौतुक आपण मंडळात दरवर्षी करतो, पण त्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी होतं आणि म्हणूनच तो इतका जड गेला, हे सांगायचं राहून जातं.

अशा मुलखातल्या माणसांनी वल्हं आपलं नाही म्हणावं? म्हणतात. आणि का म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे.

आमच्या वाडीत बावखल होतं. वसईबाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावर केळी, पानवेली आणि फुलझाडं जगायची. त्यात आम्ही पोरं कमरेला रिकामा डबा बांधून हातपाय मारायला शिकलो. तेवढं पाणी आपलं होतं. त्यापुढचं पाणी आपलं नव्हतं. ‘खाडीवर जायचं नाही’ हा घरातला कायदा, आणि त्याला जोडून एक पोटकलम, ‘तिथे कोळ्यांची पोरं असतात.’ मुलींना तर न्हाणं आल्यावर बावखलही बंद. अर्नाळा किल्ल्याला सहल जायची तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरून आम्ही होडीत चढायचो, गर्दी करून बसायचो, आणि वल्हं दुसऱ्याच कुणाच्या हातात असायचं. त्या माणसाचं नाव आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मासळी मात्र रोज दारात यायची. कोळीण पाटी उतरवायची, आई घासाघीस करायची, दहा-वीस रुपये कमी करून घेतले की दिवस चांगला जायचा. समुद्राशी आमच्या घराचा व्यवहार होता तो एवढाच.

तेव्हा ‘आपला खेळ नाही’ यातलं ‘आपला’ कुणाचं ते स्पष्ट बोलू या. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा इथल्या कोळी आणि मांगेला घरांना कुणी जाऊन विचारलेलं नाही. वल्हवणं ही आपल्याकडे मेहनत होती, पोटासाठी करायची, आणि ती आपण दुसऱ्यांवर सोडली होती. इथे अमेरिकेत आल्यावर तीच गोष्ट श्रीमंत शाळांच्या ब्लेझरवर दिसली, तेव्हा आपण एकदम उलट्या कारणाने बिचकलो. तिकडे ते आपल्या खालच्यांचं होतं, इकडे आपल्या वरच्यांचं. आपलं मधे कुठेच नाही.

गंमत अशी की इंग्लंडात या खेळाचा इतिहासही हाच आहे. थेम्स नदीवर प्रवासी वाहून नेणाऱ्या नावाड्यांची डॉगेट्स कोट अँड बॅज ही शर्यत १७१५ पासून चालू आहे. म्हणजे शर्यत आधी नावाड्यांची. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पहिली शर्यत १८२९ ची, हेन्ली रेगाटा १८३९ चा. पुढे या मंडळींनी हौशी खेळाडू कोण याची व्याख्या केली, आणि १८७९ मध्ये हेन्लीच्या नियमात लिहून टाकलं की जो कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर म्हणून पगारावर काम करतो किंवा पूर्वी करत होता, तो हौशी नव्हे. ज्यांनी नदी वल्हवत जन्म काढला त्यांनाच नदीवरच्या खेळातून बाहेर काढलं. कारण सांगितलं असं, की मेहनतीने त्यांचे दंड तयार झालेले असतात, मग स्पर्धा बरोबरीची कशी होणार! हा नियम १९३७ पर्यंत टिकला.

आणि त्याचा सगळ्यात गाजलेला बळी आपल्याच गावचा. फिलाडेल्फियात केली ड्राइव्हवर शनिवारी सकाळी गाडी लावायला जागा शोधत फिरताना नदीकाठी होडीत बसलेल्या एका माणसाचा पुतळा दिसतो. तो जॉन केली. विटा रचणारा गवंडी, पुढे मोठा कंत्राटदार, आणि ग्रेस केलीचा बाप. १९२० साली हेन्लीने त्याचा अर्ज नाकारला. त्याच्या व्हेस्पर क्लबवर हेन्लीचा आधीपासून राग होता हे खरं, पण गवंडीकामाची अटही आड आलीच. त्याच उन्हाळ्यात अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्याने एकेरीत ब्रिटनच्या जॅक बेरेसफर्डला हरवून सुवर्ण घेतलं, आणि थोड्याच वेळाने दुहेरीत आणखी एक. मुलगा पुढे १९४७ मध्ये हेन्लीला जाऊन डायमंड स्कल्स जिंकून आला. रस्त्याला नाव आहे ते मुलाचं.

बोटहाउस रो हे त्या रस्त्यावरचं सगळ्यात देखणं ठिकाण. पाहुणे आले की आपण रात्री त्यांना तिथले दिवे दाखवायला नेतो. ही नदी इतकी संथ का, असं पाहुणे विचारतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फेअरमाउंटला बंधारा बांधला, पाणी तुंबलं, आणि पुढे शर्यतींना आयती जागा मिळाली. तिथले क्लब तेव्हा सगळे पुरुषांचे. बायकांनी १९३८ मध्ये आपला वेगळा क्लब काढला तेव्हा कुठे त्यांना होड्या मिळाल्या. ऑलिंपिकमध्ये बायकांचं रोइंग आलं ते १९७६ साली. न्हाणं आलं म्हणून बावखलातून उठवलेल्या मुलीला हा सगळा इतिहास वाचताना फार परकं वाटत नाही.

आता अ‍ॅडमिशनचं. अमेरिकेत १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने कॉलेजांना मुलींच्या खेळांचा मुलांच्या खेळांइतकाच विचार करावा लागला. फुटबॉलच्या संघात मुलं शेकड्याने, तर मुलींची संख्या भरून काढायला एका होडीत आठ वल्हेवाल्या आणि एक कॉक्स, म्हणजे सुकाणू धरणारी, घेणारा खेळ कॉलेजांना सोयीचा पडला. १९९७ पासून मुलींच्या रोइंगची एनसीएए अजिंक्यपद स्पर्धा होते. शिष्यवृत्त्या आहेत, प्रशिक्षकांचं वजन आहे, हे सगळं खरं. आणि म्हणूनच तो प्रवेशांचा घोटाळा झाला, २०१९ साली उघडकीला आलेला. हॉलिवूडच्या एका अभिनेत्रीने आणि तिच्या नवऱ्याने आपल्या मुलींना कधीही होडीत न बसवता रोइंगच्या कॉक्स म्हणून विद्यापीठात घुसवलं होतं. पुरावा म्हणून मुलींचे रोइंग मशीनवर बसलेले फोटो जोडले होते. दोघांनाही पुढे तुरुंगवास झाला.

आपण कुणी असं करत नाही, कबूल. पण ‘अ‍ॅडमिशनला उपयोग होतो’ म्हणताना आपण त्याच जिन्यावर उभे असतो, फक्त जरा खाली. मुलीने सकाळी साडेचारला उठायचं, हाताला फोड आणायचे, मशीनवर दोन हजार मीटर ओढून झाल्यावर बादलीत ओकायचं, आणि आपण ते सगळं एका अर्जातल्या चौकटीत बसवायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना हे बरोबर कळतं. आमच्या घरात तर सरळ भांडण झालं. मी कौतुकाने रोइंग करणाऱ्या लेकीच्या शर्यतींचे फोटो विरारच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकत होते, वर एखादी ओळ, कॉलेजच्या दृष्टीने छान वगैरे. लेक म्हणाली, ‘मम्मी, तू माझी बातमी का देतेस? मला विचार ना, मग सांग.’ तिचं म्हणणं मला पटलं नाही, अजूनही पूर्ण पटलेलं नाही, कारण आजीला नातीची खबर कळायलाच हवी. पण त्या वाक्यानंतर कॉलेज हा शब्द फोटोखाली गेला नाही.

आजीची खबर घेण्याची तऱ्हा वेगळी आहे. आमच्याकडे सकाळी नऊची शर्यत म्हणजे आगाशीला संध्याकाळचे साडेसहा. दिवा लावून झालेला असतो, मालिका सुरू व्हायची असते. माझी आई चष्मा कपाळावर चढवून फोनमध्ये पाहते. होडी कुठली, पोरगी कुठली, काही दिसत नाही. पहिल्या खेपेला तिने विचारलं, ‘एवढं वल्हवून पोचते कुठं?’ पोचत कुठेच नाही, जिथून निघते तिथेच परत येते, असं सांगितल्यावर तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, जणू नातीला काही झालंय आणि घरचे लपवतायत. मग एकदा लेकीने कॅमेऱ्यासमोर तळहात उघडून दाखवला. बोटांच्या मुळाशी ओळीने घट्टे, दोन फुटलेले, एकावर चिकटपट्टी. आई म्हणाली, ‘हात तर अगदी आपल्या मासेवालीचा झाला गो.’ आणि लगेच, ‘हळद-खोबरेल लाव.’ लेकीला मासेवालीचा हात ही शाबासकी वाटली. आईला तसं म्हणायचं होतं की नाही, कोण जाणे. मी मात्र तिथून विचार करायला लागले.

इथे कुणी म्हणेल, बाई, तुम्ही शाळेतल्या एका खेळावर एवढं ओझं का घालता? ठीक आहे. खेळाचीच बाजू घेऊ. त्यात सगळं गोड नाही. खर्च आहे, क्लबची फी आहे, लांबच्या रेगाटांना हॉटेलं आहेत. मुलींच्या वजनावर बोलणारे प्रशिक्षक असतात आणि त्या वयात ते बोलणं जेवणाच्या ताटापर्यंत येतं. तिथे आईबापांनी खमकं राहावं लागतं. खर्चाच्या बाबतीत मात्र आपण कुरकुरतो तितकं दार बंद नाही. इथे फिलाडेल्फिया सिटी रोइंगसारखी संस्था सरकारी शाळांतल्या मुलांना फी न घेता रोइंग शिकवते. शनिवारच्या शर्यतीला पालकांच्या तंबूत सगळे काही ना काही खायला आणतात. मी बटाटेवडे नेते. गोऱ्या मुलांना ते ‘ती पिवळी भजी’ म्हणून माहीत आहेत आणि सगळ्यात आधी संपतात. त्या तंबूत कुणाचा बाप वकील, कुणाची आई बस चालवते. मंडळाच्या कुठल्या कार्यक्रमात एवढी सरमिसळ मी पाहिलेली नाही.

आणि आपल्या देशात या खेळाचं काय? पुण्याचा रॉयल कनॉट बोट क्लब १८६८ चा, साहेबांनी साहेबांसाठी काढलेला. इंजिनियरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ पासूनचा. पण पदकं कुणी आणली? दत्तू भोकनळने. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, पाण्याची कायमची ओरड. बापाबरोबर विहिरी खणणारा हा पोरगा बाप गेल्यावर २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि वल्हं पहिल्यांदा हातात धरलं ते पुण्यात, सैन्याच्या रोइंग केंद्रात. चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकला होता. तिकडे आई अपघातानंतर बेशुद्ध, इकडे हा एकेरीत तेरावा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्ण. आता हेन्लीच्या जुन्या नियमात बसवून पाहा. विहिरी खणणाऱ्याचा अर्ज तिथे घेतलाच गेला नसता. आपल्याकडे हा खेळ सैन्याने सांभाळला, आणि सैन्यात येतात ती गावाकडची पोरं. श्रीमंतांचा खेळ हे भारतापुरतं तरी सपशेल खोटं ठरलं आहे. मग विहीर खणणारा जे करून दाखवू शकला, त्यासाठी समुद्रावर जन्मलेल्या पाचूबंदरच्या पोराला काय कमी आहे?

कमी आहे ती जागा, असं उत्तर आजवर देता यायचं. शर्यतीला दोन किलोमीटर सरळ, संथ पाणी लागतं. आमच्या खाड्यांत भरती-ओहोटी, गाळ, रेतीचे सक्शन पंप. पण तेही उत्तर आता सुटत चाललंय. पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून कमी वजनाच्या गटाच्या शर्यती गेल्या आणि २०२८ साली लॉस एंजेलिसला त्यांच्या जागी बीच स्प्रिंट येतंय. वाळूवरून धावत सुटायचं, होडीत उडी टाकायची, लाटांतून बोयांना वळसे घालत अडीचशे मीटर आत जायचं, तिथून वळून परत यायचं, उडी मारून पुन्हा वाळूत धावायचं. यासाठी तळं लागत नाही. भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा, एवढा सलग किनारा आणि आपोआप येणाऱ्या लाटा पुरतात.

गेल्या खेपेला लेकीला घेऊन पाचूबंदरला गेले होते. तिथे जाळं शिवत बसलेल्या एका वयस्क नाखव्यांना तिने आपल्या होडीचा फोटो दाखवला. एकेरी होडी, लांबी आठ मीटर, वजन चौदा किलो. त्यांनी फोटो बोटाने मोठा केला, वल्ह्याच्या खोबणीचा स्क्रू पाहिला आणि हसले. शेजारच्या डोंगीत वल्हं लाकडी खुंटीला दोरीच्या फासात अडकवलेलं होतं. फास ओला झाला की घट्ट बसतो, खुंटी झिजली की पाच मिनिटांत दुसरी ठोकायची, स्क्रू पडला तर समुद्रात शोधणार कुठं? हे त्यांनी तिला दोरी सोडून, पुन्हा बांधून दाखवलं. मग विचारलं, ‘ही वाऱ्यात उभी ऱ्हाईल का?’ लेक म्हणाली, नाही, वारा असला की शर्यत पुढे ढकलतात. यावर ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा हसले.

भरती कधी, हे तिने मोबाइलवर काढलं. त्यांनी तिथीवर काढलं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ते वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अवसेनंतर पुन्हा पहिल्यापासून. मोबाइलच्या वेळेत आणि त्यांच्या वेळेत फार फरक निघाला नाही. आमची लेक मराठी शाळेत चार इयत्ता बसली, तिथी शिकवताना बाईंनी एकादशीला उपास असतो एवढंच सांगितलं. तिथीचा समुद्राशी संबंध आहे हे तिला तिथे कळलं. मलासुद्धा ते आधी कुणी सांगितलं नव्हतं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढूनही.

याचा अर्थ कोळीवाड्यात सगळं छान चाललंय असा काढू नका. वल्हं आता तिथेही कमीच चालतं. किनाऱ्यावरून नांगरलेल्या ट्रॉलरपर्यंत जायला. पुढे इंजिन, डिझेल, बर्फ, आणि खलाशी पुष्कळदा बाहेरगावचे. मासळी दूर गेली आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं २०२४ मध्ये भूमिपूजन झालं आणि इथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, त्याची कारणं त्यांच्याकडूनच ऐकावीत. वैतरणेच्या खाडीत वाढीव-वैतीपाड्याचे लोक स्टेशन गाठायला वर्षानुवर्षं रेल्वेच्या पुलावरून चालत येत राहिले. २०२४ साली वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, २०२५ साली विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडे सफाळ्याच्या बाजूला जलसारला, आणि रस्त्याचा मोठा वळसा काही मिनिटांवर आला. चांगलंच झालं. पण तिथे गाड्या आधी चढतात.

आता आपल्या सहलींबद्दल एक रोखठोक मुद्दा, कारण इथेच आपलं चुकतं. आपण गावी जातो कधी? शाळा सुटल्यावर, जून-जुलैत. त्या दिवसांत मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून प्लास्टिकखाली झाकलेल्या, समुद्र गढूळ, किनाऱ्यावर शुकशुकाट. पोरं एसी लावून मामाच्या हॉलमध्ये मोबाइल बघतात, आपण साडीखरेदी आणि दाताचा डॉक्टर उरकतो, आणि परत येऊन म्हणतो, मुलांना तिकडे करमत नाही. करमणार कसं? आपण त्यांना बंद दुकान दाखवून आणतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या पाण्यात उतरायच्या वेळी आपण परतीच्या विमानात असतो.

डिसेंबरात जावं. रोइंगचा शरदातला हंगाम नोव्हेंबरात संपतो, वसंतातला फेब्रुवारी-मार्चशिवाय सुरू होत नाही, मधे नुसतं मशीन. म्हणजे पोरांचं नुकसान नाही. समुद्र शांत, मासळी ताजी, आणि नाताळची वसई पाहण्यासारखी असते. गावागावांतल्या चर्चसमोर गोठे, दारोदार कंदील, कुपारी ख्रिस्ती घरांत फराळ. तिकीट दुप्पट पडतं, हे मला माहीत आहे. आम्हीही दर वर्षी जाऊ शकत नाही. तीन उन्हाळ्यांऐवजी दोन डिसेंबर करा, असं माझं म्हणणं आहे. आजीला नात कमी वेळा दिसेल, पण जागी दिसेल.

आणि शेवटी मंडळाच्या पैशांबद्दल. महाराष्ट्रातल्या शाळांना मदत म्हणून आपण दर वर्षी काही ना काही पाठवतो. बहुतेक वेळा कॉम्प्युटर, आणि ते कपाटात जातात. किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेला दोन रोइंग मशीनं द्यावीत असं मला वाटतं. एकाची किंमत इथे हजार डॉलरच्या आसपास. त्यातून ऑलिंपिकचा खेळाडू निघेल असा माझा दावा नाही. पण सैन्य, पोलीस, रेल्वे इथल्या खेळाडूंच्या भरतीला दोन हजार मीटरचा वेळ कागदावर असलेलं पोरगं वेगळं दिसतं, आणि ती नोकरी अर्नाळ्याच्या घराला चालते. याला एकच आक्षेप मला खरा वाटतो. ज्या पोरांचे बाप पाण्यावर झिजले त्यांना पुन्हा वल्हंच द्यायचं, आणि तेही पाण्याकडे पाठ फिरवून अमेरिकेत गेलेल्यांनी? त्यांना कोडिंग हवं असेल. असेलही. म्हणून आधी मशीन पाठवू नये, आधी माणूस पाठवावा. शाळेत जाऊन, कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीत जाऊन विचारावं, आणि नको म्हणाले तर तिथून चहा पिऊन परत यावं.

येत्या डिसेंबरात आमचं जायचं ठरतंय. आणखी दोन घरं तयार झाली तर अर्नाळ्याला एक दिवस एकत्र काढू. पोरं वल्हवतील, आपण विचारपूस करू. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मशीनचा ठराव मी मांडणार आहे, विरोध करणाऱ्यांनी जरूर यावं. ‘अ‍ॅडमिशन’ हा शब्द मात्र त्या बैठकीत कुणी काढायचा नाही.